फॉक्सहाउंडचा आरसा

आमच्या घरी कुत्रा नाही. तरी पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत बरीच वर्षं असा समज होता की आमच्याकडे चांगले पाच-सहा कुत्रे आहेत, फक्त ते भुंकत नाहीत आणि बाहेर निघत नाहीत. या अफवेचा उगम म्हणजे माझी बायको. दारात भाजी घेताना कुणी विचारलं, "भाऊ काय करून राह्यले?" की ही सांगायची, "काय करतीन? हस्कीचे चाकं लावून राह्यले. मास्टिफ तर अजून वाळाचाच आहे." ऐकणारी बाई मान हलवून पुढे जायची. चाकं लावलेला कुत्रा कसा असतो हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

खरी गोष्ट अशी की इंग्रजांच्या फौजेने अलीकडच्या काळात आपल्या चिलखती गाड्यांना कुत्र्यांची नावं दिली. मास्टिफ, हस्की, रिजबॅक, वुल्फहाउंड, फॉक्सहाउंड. एका उघड्या गाडीचं नाव जॅकल, म्हणजे आपला कोल्हा. मी त्या गाड्यांचे प्लास्टिकचे नमुने बनवतो, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे. डब्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. संपलं की कपाटात ठेवायचे आणि पाहत बसायचं. याचा उपयोग काय, असं मला आजवर अनेकांनी विचारलं. उपयोग नाही, म्हणूनच तर करतो. उपयोगाची कामं करून करून मी पन्नाशी ओलांडली आहे.

मी फोटोग्राफर. वर्ध्याला स्टुडिओ आहे, लग्नाच्या सीझनमध्ये जिल्हाभर फिरतो. तरुणपणी निगेटिव्हवर टचिंग करायचो. सर्वांत बारीक ब्रश घेऊन नवरीच्या गालावरचा मुरूम असा घालवायचा की तिच्या आईलासुद्धा तो आठवू नये. मग कॉम्प्युटर आला. ब्रश डबीत गेले आणि हात मोकळे पडले. मोकळ्या हातांचं दुःख मोकळ्या माणसाला कळत नाही. मला मात्र ते फार जाचायचं, आणि मी घरात उगाच चिडचिड करायचो.

अशात नागपूरला एका लग्नाचं काम होतं. घरातली माणसं लग्न आटोपून परदेशी जाणार होती, म्हणून अर्धं सामान अंगणात वाटायला काढलं होतं. त्यात एक खोका दिसला. वर वाळवंटात उभी असलेली पट्ट्यांच्या चाकांची गाडी, नाव वॉरियर, बाजूला इंग्रजांचा झेंडा. झाकण काढलं तर आत कडुलिंबाच्या डहाळीला पानं असावीत तसे काडीच्या दोन्ही बाजूंनी भाग लागलेले. कुणीतरी चार भाग चिकटवून सोडून दिलेले, तेही वाकडे. मला ते वाकडेपण सहन झालं नाही. "हे नेऊ का?" म्हणून विचारलं, आणि नेलं.

वॉरियर पुरा केला तेव्हा मला कळलं की हात पुन्हा कामाला लागलेत. त्याच सुमारास कुठेतरी वाचलं की इंग्रजांच्या या गाड्यांमध्ये पाणी उकळायचं एक भांडं बसवलेलंच असतं, चहासाठी. लढाई चालू असली तरी आत चहा होतो. झालं! जर्मनांच्या, रशियनांच्या गाड्या करणारे जगात ढिगाने आहेत. मी ठरवलं, जो चहाची सोय करून निघतो त्याच्याच गाड्या करायच्या. वॉरियरच्या आत मी पेनच्या टोपणाचा तुकडा कापून ते भांडं बसवलं आणि वरून छत लावून टाकलं. कुणाला दिसत नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

पुढचा डबा मिळवणं हेच मोठं काम. वर्ध्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात विचारलं, "स्केल मॉडेल आहे का?" त्याने लांब पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "ह्या मॉडेलमधी लाकडाची पण येते." खेळण्यांच्या दुकानात गेलो. तिथे शहाणपण करून स्केल शब्दच टाळला आणि म्हटलं, "टँक पाहिजे." त्याने शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे बोट केलं. "टँक माह्या भावाकडे भेटते. हजार लिटरची पाहिजे का पाचशेची?" शेवटी ऑनलाइनच शोधायला लागलो. पुण्याचा एकजण, कोलकात्याचा एकजण, असे हौस संपलेले लोक आपले न उघडलेले डबे विकायला काढतात. त्यांची हौस संपली की आमची दिवाळी. चॅलेंजर रणगाडा असा एका माणसाच्या घर बदलण्यातून आला, मास्टिफ एकाच्या लग्नातून. जॅकल बाहेरून मागवला तर तो कस्टममध्ये इतका मुक्काम करून राहिला की मी त्याची आशा सोडून दिली होती.

चुका पुष्कळ केल्या. मास्टिफ रंगवून झाल्यावर त्याला चिखल लावायचा होता. मी नाचणगावकडच्या एका शेतातली माती आणली, चाळली, गोंदात कालवून चाकांना लावली. फार खरा दिसला. फोटो काढून हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला तर एका इंग्रजाने नम्रपणे विचारलं, ही गाडी नेमकी कोणत्या देशात गेली होती? वाळवंटातल्या गाडीला मी कपाशीच्या रानातली काळी माती लावली होती. मी कळवलं, वर्धा जिल्ह्यात. माती मी अजून काढलेली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही. तिचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, एवढंच. ज्याला उघडपणे प्यायची तो पुलगावचा पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात जातो. त्यामुळे इथे कोण पितो आणि कोण नाही, यावर लोकांचं बारीक लक्ष असतं, आणि सोयरीक जुळवताना तर हा पहिला प्रश्न.

मी पीत नाही. कधी प्यायलो नाही. यात मोठेपणा काही नाही, मला वासच सहन होत नाही. पण रंग पातळ करायला आणि फवारणीचा एअरब्रश धुवायला मी जो थिनर वापरायचो, त्याने बायकोचं डोकं दुखायचं. आमची मुलगी फार्मसी शिकलेली, नागपूरला नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. लवकर उडून जातं, आईला त्रास नाही होणार." आणि माझ्या वाढदिवसाला तिने ते चांगलं मोठ्या डब्यात पाठवून दिलं.

डबा आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. कुरिअरवाल्याने तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवला. वर लाल चिठ्ठी, त्यावर ज्वाळेचं चित्र आणि ठळक अक्षरं: अल्कोहोल, नव्याण्णव टक्के. दुकानात गिऱ्हाईक होतं, दुकानवाली बाई होती, आणि कुरिअरवाल्याला वाचता येत होतं. "बाप्पा," तो म्हणाला म्हणे, "नव्याण्णव टक्के! हे तर सरळ वर पोचवीन." मी संध्याकाळी डबा आणायला गेलो तर बाईने तो पेपरमध्ये गुंडाळून, इकडे तिकडे पाहून, माझ्या हातात दिला. मला वाटलं, किती काळजीने ठेवला बिचारीने!

त्या बाईची मावशी नाचणगावला राहते. आणि नाचणगावलाच आमच्या मुलीचं जमत होतं.

मुलगा मुलीच्याच कॉलेजातला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. घरचे लोक भाजीपाला करतात; वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं पुलगावच्या बाजारात जातं. दोन्हीकडची बोलणी झाली होती, फक्त साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची होती. तर मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज कोरडा. "फोटोवाले भाऊ, थोडं थांबू आपण." मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, "पाहू," आणि ठेवला.

कारण मुलीकडून कळलं. ती फोनवर रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, "बाबा, त्यांना कोणीतरी सांगितलं की तुमच्याकडे पार्सलने दारू येते. त्यांचं म्हणणं आहे, पिणाऱ्याच्या घरची सोयरीक करणार नाही. मी त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही. पण त्याच्या बाबांचं मन मोडूनही करणार नाही. ते त्याला फार जपतात." मी आधी हसलो. मग हसू गेलं. माझ्या छंदापायी आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, आणि आता बिघडत होतं ते माझ्या लेकीचं.

बायकोने डबा मोरीत ओतायची तयारी केली. मी अडवला. म्हटलं, ओतला तर आपणच कबूल केल्यासारखं होईल. ती म्हणाली, "मंग पूजा करा त्याची!" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एका दुपारी फाटक वाजलं. मुलाचे वडील एकटेच उभे. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात वांग्यांची थैली. "इकडून चाललो होतो," म्हणाले. नाचणगावहून कुठेही जायला पिपरी मेघे वाटेत लागत नाही. पण मी म्हटलं, या ना. बायकोने पाणी आणलं. ते बसले नाहीत. म्हणाले, "तुमची ते खोली दाखवा."

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. त्यांनी कपाटातल्या गाड्या एकेक करून पाहिल्या. मास्टिफपाशी थांबले. वाकून चाकांकडे पाहिलं. "माती तर आपल्याकडची हाय."

"तुमच्याच गावची आहे," मी म्हटलं.

ते टेबलाकडे वळले. टेबलावर फॉक्सहाउंड होता, जवळजवळ झालेला, आणि त्याच्यामागे तो डबा. त्यांनी डब्याकडे बोट केलं. "हेच का ते?"

मी झाकण उघडून दाखवलं. ब्रश बुडवला, वाळलेला रंग काढून दाखवला. "प्यायचं नाही हे. प्यायलं तर माणूस मरते. दवाखान्यात सुई द्यायच्या आधी लावतात ना, त्याच्या जातीचं."

"पिणारा माणूस बी असंच म्हणते," ते शांतपणे म्हणाले. "दवाई हाय म्हणते." मग त्यांनी नाक फुगवून श्वास घेतला आणि वैतागले. "इथं तर साऱ्या खोलीत रंगाचाच वास. काई समजूनच नाई राह्यलं." त्यांची नजर माझ्या हातांवर आली. "हे बारीक काम तुम्ही सोता करता?"

"हो."

"करा मंग. मले पाहू द्या. पिणाऱ्याचा हात थरथरते."

फॉक्सहाउंडचे दोन आरसे लावायचे राहिले होते, ड्रायव्हरच्या बाजूंना. आरसा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा तुकडा. असे तुकडे मी आयुष्यात कितीतरी लावलेत, गाणं गुणगुणत. मी चिमट्यात आरसा धरला, गोंदाला टेकवला, आणि पाहतो तो माझा हात लटलट कापतोय. चिमट्याच्या टोकापुढे मला ती गाडी दिसेना. फोनवर न रडणारी माझी पोरगी दिसत होती. मी हात सावरायला चिमटा जरा दाबला, आणि टिच्च आवाज होऊन आरसा उडाला.

कुठे गेला, देवाला माहीत. हा छंद करणाऱ्या प्रत्येकाचं हे ठरलेलं दुःख आहे. उडालेला तुकडा जमीन गिळते. पण त्या दिवशी मला वाटलं, तुकडा गेला तो गेलाच, सोयरीकही गेली. हात कापलेला त्यांनी पाहिला होता. मी खाली बसलो, टेबलाखाली शिरलो आणि फरशीवरून तळहात फिरवू लागलो. दुसरं करण्यासारखं काही सुचलं नाही.

थोड्या वेळाने शेजारी गुडघे टेकल्याचा आवाज आला. तेही खाली वाकून शोधत होते. "केवढा होता?" त्यांनी विचारलं.

"कणीएवढा."

"रंग?"

"रेतीसारखा."

"अन् फरशी बी रेतीच्याच रंगाची. वा!"

आम्ही दोघं पुढे सरकत राहिलो. टेबलाखाली डोकं असलं की माणसाला समोरच्याकडे पाहावं लागत नाही. म्हणूनच असेल, ते बोलायला लागले.

"माहा बाप पे. पोटभर पे. मी लहान होतो तं घरात मले एकच काम होतं. बाप दारात आला का माय मले पुढे पाठवे. मी बापाजवळ जावो, वास घेवो, अन् मायले मानेनं सांगो. हो म्हटलं का माय लहान बहिणीले कडेवर घेऊन मागच्या दारानं शेजारी जाये. नाई म्हटलं का चूल पेटवे." त्यांनी टेबलाच्या पायापाशी बोट फिरवलं. "बाप मेला, तरी सवय नाई गेली. माणूस जवळ आला का पहिले वास घेतो मी. माय अजून हाय. तिनंच पाठवलं आज. म्हणे, लोकायचं ऐकू नको, सोता जाऊन पाय. पोरगी चांगली हाय."

मी म्हटलं, "माझा हात भीतीनं कापला. तुम्ही नाही म्हणाल याची भीती."

"समजलं मले," ते म्हणाले. "पिणारा माणूस भेत नसते." आणि मग एकदम, "हे का?" आरसा त्यांच्याच दुपट्ट्याच्या किनारीत अडकला होता.

ते उठले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि खुर्ची ओढून बसले. "बसवा आता. मी नाई पायत," म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी आरसा लावला. मग दुसराही लावला. तोवर बायकोने चहा आणला होता. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, थैलीतली वांगी कशी करायची ते तिला सांगितलं, आणि होय-नाही काही न बोलता निघून गेले.

पुढचे काही दिवस मी फोन खिशातून काढायचो आणि परत ठेवायचो. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढताना लोकांना म्हणायचो, "हसू नका," आणि ते म्हणायचे, "तुम्ही तर अगोदरच हसून नाई राह्यले." शेवटी एका सकाळी फोन वाजला. ओळखीचा कोरडा आवाज. "इवाई," ते म्हणाले, "साक्षगंध कवा ठेवता?"

इवाई म्हणजे व्याही. तो एक शब्द ऐकून मी खुर्चीत बसून राहिलो. मग बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मुलीला मी फोन केला. त्या वेळी मात्र ती रडली, आणि मला फार बरं वाटलं.

लग्न वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात झालं. फोटो काढायला मी माझ्याच ओळखीच्या एकाला सांगितलं होतं आणि दिवसभर त्याच्या चुका काढत होतो. मग व्याहीभेटीची वेळ आली. दोन बाप मांडवात समोरासमोर येतात, हार घालतात, गळाभेट घेतात. मी पुढे झालो. त्यांनी मला मिठीत घेतलं. फोटोवाला "झालं" म्हणाला, तरी ते सोडेनात. त्यांचं नाक माझ्या गालाशी होतं, आणि मला जाणवलं की ते वास घेताहेत.

मला राग आला नाही. खरंच आला नाही. मी तोंड उघडलं आणि त्यांच्यासाठी एक मोठा, सावकाश श्वास सोडला.

मग त्यांनी मला सोडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. ते वळले आणि मांडवाच्या पहिल्या ओळीत खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईकडे पाहून त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. म्हातारीने हात कपाळाशी नेला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग शेजारच्या बाईला म्हणाली, "चाल वं, आता जेवाले बसू."